तुमच्या चाचणीचा क्रमांक सांगा
कळमेश्वरच्या रस्त्यावर ‘विसरण्यावरचे हमखास औषध’ विकणाऱ्यास खुले पत्र

महोदय,

पत्राच्या आरंभी नमस्कार लिहिण्याची रीत आहे. ती मी पाळत नाही. नमस्कार मनातून यावा लागतो, आणि तुमच्याविषयी माझ्या मनात फक्त संताप आहे. तुमचे नाव मला ठाऊक आहे, तरी ते इथे लिहीत नाही. एक नाव छापले की बाकीचे तुमचे भाऊबंद आपण सुटलो म्हणून निवांत होतील. सावनेरला, काटोलला, मोहप्याला, धापेवाड्याच्या यात्रेत, जिथे जिथे ही बाटली विकली जाते तिथल्या प्रत्येकाने हे पत्र आपल्याच पत्त्यावर आले आहे असे समजावे.

तुमच्या गाडीवरचा भोंगा आम्हाला पाठ झाला आहे. “आई घरचा रस्ता विसरते? बाबा नातवाचं नाव विसरतात? तीन महिन्यांचा कोर्स करा, स्मृती पहिल्यासारखी! साइड इफेक्ट शून्य!” यातले पहिले दोन प्रश्न खरे आहेत, म्हणूनच लोक दारात येऊन उभे राहतात. त्यापुढचे प्रत्येक विधान खोटे आहे. आणि ते खोटे आहे हे तुम्हाला कळण्याची सोयच तुम्ही ठेवलेली नाही, कारण तुम्ही कधी तपासलेच नाही.

तुम्ही गिऱ्हाईक कुठे गाठता हेही मी पाहिले आहे. मुलगा एमआयडीसीत पाळीवर, सून कापूस वेचायला किंवा संत्र्याच्या बागेत, नातवंडे शाळेत, आणि घरात एकटी म्हातारी, जिने सकाळपासून चार वेळा चूल पेटवून तशीच सोडली आहे. मेंदूचा डॉक्टर म्हटले की नागपुरातली धंतोली नाहीतर रामदासपेठ. म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणार, बसचे भाडे, फी, वर डोक्याचा फोटो. सरकारी मेडिकलला किंवा सुपर स्पेशालिटीला जावे तर पहाटेपासून रांग. अशा घरासमोर तुमची गाडी थांबते. तुमचे गिऱ्हाईक अडाणी असते असे लोक म्हणतात, ते चूक आहे. ते थकलेले असते. रात्रभर जागून, उठून दाराची कडी तपासून, त्याच प्रश्नाला विसाव्यांदा तेच उत्तर देऊन थकलेले. त्या थकव्याची किंमत तुम्ही बाटलीवर छापता.

अशी घरे किती आहेत? देशभरातल्या ज्येष्ठांच्या ‘लासी-डॅड’ या पाहणीवरून २०२३ साली निघालेला अंदाज असा : साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे. प्रमाण शहरापेक्षा खेड्यात जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. अल्झायमर हे त्याचे सर्वांत मोठे कारण. तुमच्या धंद्याला बाजारपेठ कमी पडणार नाही.

कोणी जाब विचारला की तुमचे एकच उत्तर ठरलेले असते : “डॉक्टरपाशी तरी काय औषध हाये जी? तेही म्हणते बरं होत नाही. मंग मायंच काऊन वाईट?” हा प्रश्न तुम्ही लबाडीने विचारता. पण प्रश्न म्हणून तो रास्त आहे, आणि त्याचे पूर्ण उत्तर मी देणार आहे. डॉक्टरांच्या औषधांचे जेवढे वाईट आहे तेवढे सगळे सांगतो. तुम्हाला वाटेल मी तुमचीच बाजू मांडतो आहे. शेवटपर्यंत वाचा.

आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरने १९०६ साली ऑगुस्ट डेटर नावाच्या बाईचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि पेशींबाहेर साचलेला थर व पेशींच्या आतल्या गाठी दाखवल्या. त्यानंतर पहिले औषध यायला जवळजवळ नव्वद वर्षे लागली. ते १९९३ सालचे टॅक्रीन. ते यकृताला इजा करत असे आणि पुढे मागे पडले. १९९६ साली डोनेपेझिल आले, जे आजही नागपूरच्या कोणत्याही मेडिकल स्टोअरमध्ये मिळते. मग रिव्हास्टिग्मीन, गॅलँटामीन, मेमँटीन. मेमँटीन सोडले तर यांतल्या सगळ्यांचे काम एकच. आठवणीच्या कामात लागणारे ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन या आजारात कमी पडते. ते मोडणाऱ्या विकराला ही औषधे अडवतात, म्हणजे उरलेसुरले रसायन थोडा वेळ जास्त टिकते. ज्या पेशी मरत आहेत त्या मरतच राहतात.

गुण किती येतो? तोही मोजलेला आहे. औषधचाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१८ सालच्या आढाव्यात डोनेपेझिलच्या ३० चाचण्या, आठ हजारांहून अधिक रुग्ण एकत्र पाहिले. सहा महिन्यांनी, ७० गुणांच्या बुद्धिचाचणीत औषध घेणारे आणि साधी खोटी गोळी घेणारे यांच्यात फरक पडला २.६७ गुणांचा. त्याआधी, २००४ साली, इंग्लंडमध्ये कंपनीचा पैसा न घेता ५६५ रुग्णांवर केलेली ‘एडी २०००’ ही चाचणी प्रसिद्ध झाली. तीन वर्षांनंतर वृद्धाश्रमात दाखल करावे लागलेल्यांचे प्रमाण औषधवाल्या गटात ४२ टक्के होते, औषधाविना ४४ टक्के. म्हणजे त्या बाबतीत फरक नाहीच म्हणा. उलट २०१२ सालच्या ‘डोमिनो’ चाचणीत आजार बराच वाढलेल्या २९५ जणांपैकी ज्यांनी गोळी चालू ठेवली ते बंद करणाऱ्यांपेक्षा थोडे बरे राहिले. फ्रान्सने हे सगळे तोलून १ ऑगस्ट २०१८ पासून डोनेपेझिलपासून मेमँटीनपर्यंतच्या चारही औषधांचे पैसे सरकारी विम्यातून देणे थांबवले. इतर अनेक देशांत ती अजून लिहून दिली जातात. माझ्या मते दोन्ही बाजूंकडे सांगण्यासारखे आहे, आणि कोणाला गोळी सुरू असेल तर माझे पत्र वाचून ती बंद करू नये. तो निर्णय डॉक्टरसमोर बसून घ्यायचा.

आता याहून वाईट ऐका. पेशींबाहेर साचणारा तो थर अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचा. तो काढला की आजार थांबेल या विचारावर कंपन्यांनी अब्जावधी डॉलर ओतले. २०१० साली सेमागासेस्टॅट घेणाऱ्या रुग्णांची अवस्था आणखी बिघडली, म्हणून चाचण्या थांबवाव्या लागल्या. बॅपिन्यूझुमॅब २०१२ मध्ये पडले. सोलानेझुमॅब पडले, पुन्हा तपासले, पुन्हा पडले. मग बायोजेन कंपनीचे ॲड्युकॅनुमॅब. मार्च २०१९ मध्ये कंपनीने स्वतःच दोन्ही मोठ्या चाचण्या ‘उपयोग दिसत नाही’ म्हणून थांबवल्या आणि काही महिन्यांनी आकडे पुन्हा मांडून तेच औषध मंजुरीला नेले. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने त्याच्या बाजूने कौल दिला नाही. तरी ७ जून २०२१ रोजी मंजुरी मिळाली, तीही रुग्ण सुधारला म्हणून नव्हे, मेंदूतला थर कमी झाला म्हणून. समितीतल्या तीन तज्ज्ञांनी राजीनामे दिले. वर्षाची किंमत ठरली ५६ हजार डॉलर. युरोपने ते नाकारले. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने ते बाजारातून काढत असल्याचे जाहीर केले.

प्रयोगशाळेतही लबाडी झाली. २००६ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका गाजलेल्या निबंधात अमायलॉइडच्या एका विशिष्ट रूपामुळे उंदरांची स्मृती जाते असे दाखवले होते. दोन हजारांहून अधिक निबंधांनी त्याचा आधार घेतला. मॅथ्यू श्रॅग या डॉक्टरने त्यातल्या चित्रांवर बोट ठेवले, २०२२ साली ‘सायन्स’ने ते प्रकरण छापले, पुढे खुद्द ज्येष्ठ लेखिका कॅरन ॲश यांनी चित्रांत फेरफार झाल्याचे मान्य केले, आणि जून २०२४ मध्ये निबंध मागे घेतला गेला.

त्यानंतर लेकॅनेमॅब आले. १,७९५ रुग्ण, अठरा महिने, निकाल २०२२ च्या अखेरीस. १८ गुणांच्या मोजपट्टीवर फरक ०.४५ चा. आकडा खरा आहे. तो घरच्यांना जाणवेल का, यावर जगभरचे डॉक्टर अजून भांडत आहेत. औषध घेणाऱ्यांपैकी १२.६ टक्क्यांच्या मेंदूत सूज दिसली, खोटे औषध घेणाऱ्यांत १.७ टक्के. दर दोन आठवड्यांनी शिरेतून सलाइनसारखे द्यायचे, पुन्हा पुन्हा एमआरआय काढायचा, आणि हे सगळे आजार अगदी सुरुवातीला असतानाच. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या डोनॅनेमॅबचीही गोष्ट याच जातीची. कळमेश्वरच्या म्हातारीपर्यंत ते कधी आणि कसे पोचेल हा वेगळा, कडू प्रश्न आहे.

झाले तुमच्या मनासारखे? आता मला सांगा, हे सगळे मला कसे कळले? २.६७ गुण, ०.४५ गुण, मेंदूतली सूज, तज्ज्ञांचे राजीनामे, फेरफार केलेली चित्रे, हे मला कोणी चोरून आणून दिलेले नाही. ते छापलेले आहे. चाचणीची रीत अशी : आधी सांगावे लागते की आम्ही काय मोजणार, किती माणसांत, किती महिने. मग अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी, आणि कोणाला काय मिळाले हे ना रुग्णाला ठाऊक ना डॉक्टरला. शेवटी आकडा येतो, आणि तो कंपनीच्या तोंडावर आपटू शकतो. बायोजेन पकडली गेली ती तिने मोजमाप केले होते म्हणून. नेचरमधली चित्रे पकडली गेली ती छापलेली होती म्हणून. पुरावा देणे म्हणजे पकडले जाण्याची तयारी ठेवणे. तुमचे आजवर कोणी काही पकडले नाही, कारण पकडण्यासारखे तुम्ही काही मांडलेलेच नाही. आणि हीच तुमची सगळी हुशारी आहे.

‘साइड इफेक्ट शून्य’ म्हणता. डोनेपेझिलच्या कागदावर लिहिलेले असते : मळमळ, जुलाब, नाडी मंद होणे, भीतिदायक स्वप्ने. हे लिहायला त्या कंपनीला आवडत नसणार. पण कोणीतरी रुग्णांना विचारले, मोजले, म्हणून लिहावे लागले. तुमचा शून्य मोजून आलेला नाही. तुम्ही बाटली विकल्यावर पुन्हा त्या गल्लीत येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आयुर्वेदाची ढालही पुढे करू नका. माझे वैर वनस्पतींशी नाही. वर सांगितलेले गॅलँटामीन आले आहे ते बर्फात उगवणाऱ्या एका पांढऱ्या फुलाच्या कंदातून. १९५०च्या दशकात बल्गेरियात दिमितार पास्कोव्ह यांनी ते वेगळे काढून अभ्यासले. पुढे त्याचा डोस ठरला, चाचण्या झाल्या, त्रास मोजला गेला. वनस्पती परीक्षेला बसली आणि काठावर पास झाली. गिंको नावाच्या झाडाचा अर्क जगभर स्मृतीसाठी खपतो. अमेरिकेत पंच्याहत्तरी ओलांडलेल्या ३,०६९ लोकांवर त्याची वर्षानुवर्षे चाचणी केली. २००८ साली निकाल आला : स्मृतिभ्रंश टळत नाही. फ्रान्समध्ये २,८५४ लोकांवर पाच वर्षे पुन्हा पाहिले, २०१२ साली तोच निकाल. ब्राह्मीवर आपल्याकडे आणि बाहेर लहान लहान अभ्यास झाले आहेत, आणि तिची मोठी, नीट चाचणी व्हावी असे मला मनापासून वाटते. जो वैद्य आयुर्वेदावर जीव लावतो तो हीच मागणी करील. तुम्ही ब्राह्मीचे चित्र बाटलीवर छापता आणि आत काय, किती, याबद्दल गप्प बसता. आयुर्वेदाचा याहून मोठा अपमान ॲलोपॅथीवाल्यांनी केलेला नाही.

आता आमच्या घरातले. माझी मावशी तुमच्या तीन महिन्यांच्या कोर्समधून गेली आहे. मावसाजींनी बाटल्या घेतल्या. त्यांना सांगण्यात आले, “बाकीच्या गोळ्या बंद ठेवा, नाहीतर हे औषध लागत नाही.” म्हणून तिची रक्तदाबाची गोळी थांबली. आधीच मेंदू पोखरला जात असलेल्या बाईचा रक्तदाब तुम्ही मोकळा सोडलात. कोर्स संपला, स्मृती पहिल्यासारखी झाली नाही. तेव्हा उत्तर आले, “पथ्य मोडलं असेल, अजून तीन महिने घ्या.” शेवटी धंतोलीला नेले. तिथल्या डॉक्टरने सगळे तपासून स्पष्ट सांगितले की हा अल्झायमर आहे, तो बरा होणार नाही, गोळीने काही काळ थोडे सावरेल किंवा सावरणारही नाही, आणि खरे काम घरातल्यांनाच करायचे आहे. मावसाजी परतीच्या वाटेवर एवढेच म्हणाले, “तो बाटलीवाला तरी आशा देत होता.” महोदय, तुमच्यावर मला सर्वांत जास्त राग या वाक्यासाठी आहे. खरे बोलणाऱ्या डॉक्टरला तुम्ही आमच्या घरात कठोर ठरवलेत. त्याने दिलेल्या खऱ्या, लहानशा मदतीला उभे राहायला जागाच उरली नाही, कारण ती जागा तुमच्या शंभर टक्क्यांनी आधीच अडवली होती.

आणि मावशीचा आजार निदान बरा न होणारा होता. ज्यांचा बरा होणारा असतो त्यांचे काय? विसरणारा प्रत्येक म्हातारा अल्झायमरचा नसतो. थायरॉइड मंदावले की माणूस विसरतो. ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले की विसरतो, आणि आपल्याकडे पिढ्यानपिढ्या शाकाहारी घरांत ते कमी सापडणे नित्याचे आहे. बाथरूममध्ये पडून डोक्यात हळूहळू रक्त साचले की विसरतो. उदास झालेला माणूस विसरतो. झोपेच्या, ॲलर्जीच्या, लघवी रोखण्याच्या काही गोळ्यांनीही विसरतो, कारण त्यांतल्या कित्येक नेमक्या त्याच ॲसिटिलकोलीनच्या विरुद्ध काम करतात. या सगळ्यांवर इलाज आहे. रक्ताच्या दोन तपासण्या, डोक्याचा एक फोटो, आणि घरात चालू असलेल्या गोळ्यांची पिशवी डॉक्टरसमोर रिकामी करणे, एवढ्याने यांतले बरेच कळून येते. पण ते वेळेत व्हावे लागते. डोक्यात रक्त साचलेल्या म्हाताऱ्याला तुमचे तीन महिने परवडत नाहीत. अशी किती माणसे तुमच्या बाटलीखाली गाडली गेली हे कोणी मोजलेले नाही, आणि तुम्ही तर मोजणारच नाही.

आजार टाळण्यासाठी किंवा लांबवण्यासाठीही करण्यासारखे बरेच आहे : ऐकू कमी येणाऱ्याला श्रवणयंत्र, मोतीबिंदू काढणे, रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवणे, तंबाखू सोडणे, चार माणसांत बसणे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणे मांडली आणि ती सगळी दूर करता आली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबतील असा अंदाज दिला. यांतले काहीच बाटलीत भरता येत नाही, म्हणून तुमच्या भोंग्यावर ते कधी ऐकू येत नाही.

कायद्याचे सांगतो, कारण तुम्हाला तो माहीत नसेल असे मी मानत नाही. औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ सालचा आहे. त्याच्या अनुसूचीत ज्या रोगांवर इलाजाची जाहिरात करता येत नाही त्यांत मेंदूचे रोग व विकार स्पष्ट लिहिलेले आहेत. जाहिरात म्हणजे फक्त छापील कागद नव्हे. लेबल, वेष्टन, तोंडी घोषणा आणि आवाजाच्या साधनाने केलेली घोषणाही त्यात येते, म्हणजे तुमचा भोंगा सत्तर वर्षांपूर्वीच त्या व्याख्येत बसवलेला आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास वर्षापर्यंत कैद. औषध नियमांच्या अनुसूची ‘जे’मध्येही मेंदूची क्षमता आणि स्मरणशक्ती वाढवण्याचा दावा करू नये असे नोंदलेले आहे. कायदा असून गाडी फिरते याचा दोष एकट्या तुमचा नाही. ज्यांनी ती अडवायची त्यांनाही जाब द्यावा लागेल, आणि तो मी वेगळा मागणार आहे.

तुमच्याकडे माझी मागणी एकच. भारतात माणसांवरच्या औषधचाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही २००७ पासून आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) संस्था ती चालवते, सीटीआरआय तिचे नाव, आणि ती कोणालाही फुकट पाहता येते. तिथे प्रत्येक चाचणीला क्रमांक मिळतो. किती रुग्ण, कुठल्या रुग्णालयात, काय मोजणार, पैसा कोणाचा, सगळे लिहावे लागते. आयुर्वेदिक औषधांच्या चाचण्याही तिथे नोंदल्या जातात. तुमच्या बाटलीचा क्रमांक भोंग्यावरून सांगा. क्रमांक असेल तर मी तो स्वतः उघडून वाचीन आणि निकाल चांगला असेल तर याच गावात उभा राहून तसे जाहीर सांगेन. क्रमांक नसेल तर गाडीवरचा ‘स्मृती पहिल्यासारखी’ हा फलक उतरवा, आणि ज्या घरांतून कोर्सचे पैसे नेले त्या घरी जाऊन सांगा की रक्तदाबाच्या, साखरेच्या बंद केलेल्या गोळ्यांबद्दल आजच डॉक्टरला विचारा. पैसे परत करणार नाही हे मी धरून चाललो आहे, पण एवढे तरी सांगा.

या पत्राची प्रत, तुमच्या गाडीच्या आणि बाटलीच्या लेबलच्या छायाचित्रांसह, अन्न व औषध प्रशासनाच्या नागपूर कार्यालयाला आणि कळमेश्वर पोलीस ठाण्याला पाठवत आहे. तुमचे नाव तिथे लिहिले आहे.

एक भाचा, मुलगा, शेजारी
कळमेश्वर, जि. नागपूर